पालथं पडून बघण्यासारख्या स्पर्धा

सासरे : हे दोघे भांडताहेत कशावरून?

सून : भांडत नाहीयेत बाबा. व्हिडिओ गेमच्या सामन्याची कॉमेंट्री करताहेत.

सासरे : मग दोघं एकदम का बोलताहेत? आणि ‘ओ ओ ओ ओ’ हे काय वर्णन झालं? दारात बोट चेंगरलं की माणूस असा ओरडतो.

सून : काहीतरी भारी झालं ना, म्हणून.

सासरे : काय झालं?

सून : निळ्या टीममधल्या एकानं भिंतीआडून समोरच्या दोघांना उडवलं.

सासरे : बघ, तू एका वाक्यात सांगितलंस. त्यांना काय धाड भरली होती?

सून : बंद करू का? आई म्हणाल्या होत्या तुम्हाला आराम हवाय.

सासरे : आरामाचं नाव काढू नकोस. ऑपरेशन झाल्यापासून पालथा पडून फरशी बघतोय. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला ही फरशी. या खाटेला तोंडापुरतं भोक कुणी ठेवलं त्याचा मी सत्कार करणार आहे, पण त्या भोकातून मला फक्त तुझी चप्पल दिसते. तिचा अंगठा उसवलाय.

सून : माहितीये. डॉक्टर म्हणाले ना, डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. तुम्ही पालथे असाल तरच तो मागच्या पडद्याला टेकून राहणार. उताणे झालात की पडदा पुन्हा सुटेल.

सासरे : पडदा, बुडबुडा. सगळं नाटक माझ्याच डोळ्यात. बरं, वाचता येत नाही, टीव्ही बघता येत नाही. रेडिओ लावला तर तिथे मॅच नाही, नुसती गाणी आणि गाद्यांच्या जाहिराती. म्हणून म्हटलं, सूनबाई सुट्टीच्या दिवशी कानाला लावून जे ऐकत बसतात ते जरा मोठ्यानं लावा. आता कळलं तू कानाला का लावतेस.

सून : तुम्ही नेमकी चुकीची ऐकलीत. ही आमंत्रितांची स्पर्धा आहे. ही मी पण नुसती मागे लावून ठेवते.

सासरे : आमंत्रितांची म्हणजे?

सून : बोलावलेल्या टीम. हरल्या काय, जिंकल्या काय, सगळ्यांना मानधन मिळतं आणि पुढच्या वर्षी परत बोलावणं येतं. कुणाचंच काही जात नाही. म्हणून तर कॉमेंट्रीवाल्यांना ओरडावं लागतं.

सासरे : सदिच्छा सामने. आमच्या रेडिओच्या काळीही असायचे. दोन्ही कप्तान हसत हसत गोल करायचे. मला झोप यायची आणि माईक समोर असायचा, फार वाईट अवस्था. मग बघण्यासारख्या कोणत्या?

सून : खरंच सांगू? की टाइमपास म्हणून विचारताय?

सासरे : टाइमपास म्हणूनच. पण खरं सांग.

सून : मग पहिलं म्हणजे बक्षिसाचा आकडा बघायचा नाही. सगळ्यात मोठ्या आकड्याची स्पर्धा सगळ्यात कंटाळवाणी असते. धूर सोडतात, लेझर सोडतात, कुणीतरी गाणं म्हणतं, मग टीम बोगद्यातून चालत येतात. एवढं होईपर्यंत खेळणाऱ्यांची बोटं गार पडलेली असतात.

सासरे : बोटं गार पडतात?

सून : हो मग. खिशात गरम पिशव्या घेऊन बसतात ते. बोटांवरच सगळं आहे त्यांचं.

सासरे : हे नवीन. पुढे?

सून : लीग. लीग म्हणजे रोजचं. आज हरले तर परवा आहेच. ती भांडी घासताना लावायची. नुसती शेवटचे दोन आठवडे बघायची, जेव्हा खालच्या टीमना बाहेर पडायची भीती असते. वर कोण आहे ते बघूच नये. तळाला बघावं.

सासरे : शहाणी आहेस. तळाच्या टीमचा गोलकीपर म्हणजे माझा आवडता माणूस. वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि शेवटच्या दिवशी सगळे त्याच्याकडेच बघतात.

सून : मग वर्षातून एकदाची जागतिक स्पर्धा. पाच विरुद्ध पाच, तीन वाटा, समोरच्याचा किल्ला पाडायचा. तिचा एकेक सामना अर्धा तास नुसता शिजत असतो. मधूनच कुणीतरी एक चूक करतो आणि दोन मिनिटांत खेळ खल्लास. ती उपांत्यपूर्व फेरीपासून बघावी. आधी बघायची तर धीर हवा.

सासरे : मला सध्या धीराशिवाय दुसरं काही नाही. आणखी?

सून : मारामारीच्या खेळांच्या स्पर्धा. दोघेच जण, एका स्क्रीनपुढे, मांडीला मांडी लावून बसतात. तिथे कुणीही नाव देऊ शकतं. जगज्जेत्याच्या शेजारी एखादा दाढीवाला शिक्षक सुट्टी काढून आलेला असतो. आणि गंमत म्हणजे एकदा हरलं की बाहेर नाही. खालच्या गटात जायचं, तिथून परत वर चढत यायचं. दोनदा हरलं की घरी. मी एकीला बघितलंय, सकाळी पहिलीच मॅच हरली आणि रात्री फायनलला बसली.

सासरे : जिंकली?

सून : नाही. पण हरल्यावर ती अशी हसली ना बाबा, की जिंकलेल्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

सासरे : ही लाव ना मग. ही आमंत्रणं कशाला लावलीस?

सून : ती वर्षातून एकदा असते. पण मला विचाराल तर खरी बघण्यासारखी पात्रता फेरी. मोठ्या स्पर्धेच्या आधी, कुठल्यातरी हॉलमध्ये, घडीच्या खुर्च्या. पोरं स्वतःचा कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून बगलेत मारून आलेली असतात. सोळा टीम, जाणार एकच. बघायला दीडशे माणसं, त्यातली निम्मी घरची. तिथे कुणी हसत हसत खेळत नाही.

सासरे : मग तीच लाव.

सून : आत्ता? आहे माझ्या लॅपटॉपवर एक सामना. रेकॉर्ड केलेला. पण त्याला कॉमेंट्री नाहीये. नुसता खेळाचा आवाज.

सासरे : कॉमेंट्री नाही हे तर उत्तम. तू सांग.

सून : मी?

सासरे : तू. आत्ता भिंतीआडचं सांगितलंस की. इथे दुसरं कोण आहे? चिरंजीव ऑफिसात, तुझ्या सासूबाई औषधं आणायला गेल्यात. आणि मला चपलेशिवाय काही दिसत नाही. एका आंधळ्या माणसावर उपकार कर.

सून : असं बोलू नका हो.

सासरे : बरं, एका पालथ्या माणसावर.

सून : ठीके. पण हसायचं नाही. आणि बाबा, मी सहज फोनवर रेकॉर्ड करते. नंतर मलाच ऐकायला.

सासरे : कर की. माझी परवानगी काय मागतेस.

सून : तर, एक टीम बॉम्ब लावते, दुसरी तो निकामी करते. केशरीवाल्यांनी बॉम्ब लावलाय. निळ्यांचा एकच खेळाडू जिवंत आहे. केशरीचे तिघं. तो आता चाललाय… इकडून तिकडे… आता वाकला…

सासरे : थांब. कुठे चाललाय?

सून : गोदामात.

सासरे : गोदाम केवढं? दारं किती? मला आधी खोली दे, मग तिच्यात माणसं सोड.

सून : मोठं गोदाम. दोन दारं, एक समोर, एक मागच्या गल्लीत उघडतं. मध्ये लाकडी खोक्यांची चळत. उजवीकडे वर जायला लोखंडी शिडी, वर माळा.

सासरे : आता मला दिसायला लागलं. बॉम्ब?

सून : खोक्यांच्या मागे.

सासरे : स्कोअर?

सून : दोघांच्या बारा-बारा फेऱ्या. ही जिंकेल त्याचा सामना.

सासरे : आणि हे तू आत्ता सांगतेस? हे सगळ्यात आधी, आणि मग दर अर्ध्या मिनिटाला. ज्यानं आत्ताच रेडिओ लावलाय त्यानं काय करायचं? मी पाण्याचा ग्लास उचलला की स्कोअर सांगायचो. उन्हाळ्यात श्रोत्यांची चंगळ असायची. पुन्हा घे, पहिल्यापासून.

सून : पुन्हा? बरं. बारा-बारा. ही फेरी जिंकेल तो स्पर्धेत, हरेल तो घरी. मोठं गोदाम, दोन दारं, मध्ये खोकी. निळ्यांचा एकटा उरलाय, त्याला सगळे ‘गोगलगाय’ म्हणतात. मागच्या दारानं आत येतोय. डावीकडून उजवीकडे, भिंतीला पाठ लावून. बंदूक उजव्या हातात. केशरीचा पहिला माणूस समोरच्या दारात, दुसरा शिडीवर, तिसरा माळ्यावर पोटावर झोपलाय…

सासरे : तो माझ्या बाजूचा. चालू ठेव.

सून : हसवू नका ना. गोगलगाय खोक्यांपाशी पोचला. गुडघ्यावर बसला. बारा-बारा. समोरच्या दारातला वळतोय, गोळी, तो पडला. दोन उरले…

सासरे : शाबास. हे झालं वर्णन. असंच शेवटपर्यंत ने. मी मधे बोलत नाही.

(संपूर्ण फेरी सांगून होते. दाराची कडी वाजते. सासूबाई औषधाची पिशवी घेऊन येतात. दवाखान्यात उभा जन्म हेडनर्स म्हणून गेला, तो आवाज अजून तसाच आहे.)

सासूबाई : मान. मान कुणी वर केली?

सासरे : कुणी नाही. मान आहे तिथेच आहे.

सासूबाई : दारातून दिसली मला. ड्रॉप्सना अजून वेळ आहे, पडून राहा. काय गं, पाठवलंस का ते?

सून : आई…

सासूबाई : अगं पाचपर्यंत द्यायचंय म्हणालीस ना? आता चार वाजून गेले. का यांची सेवाच करत बसलीस?

सासरे : काय पाठवायचंय?

सासूबाई : म्हणजे सांगितलं नाहीस अजून? मग मी नाही काही बोलले.

सासरे : बोलून झालंय तुझं. काय पाठवायचंय?

सून : बाबा, ती पात्रता फेरी आहे ना, ती यंदा आपल्या भाषेत दाखवणार आहेत. त्यांना कॉमेंट्री करणारी माणसं हवीत. एका फेरीचा नमुना मागवलाय. ही आत्ता आपण बघितली तीच फेरी.

सासरे : आपण नाही, तू. पुढे?

सून : आज पाचला शेवटची वेळ.

सासरे : आणि हे तुझ्या सासूबाईंना माहीत. चिरंजीवांनाही असेल. घरात एक माणूस आहे ज्यानं आयुष्यभर हेच केलं, आणि त्यालाच तेवढं माहीत नाही.

सून : तुम्हाला राग आला.

सासरे : राग नाही. वाईट वाटलं. पालथा पडलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही म्हणून सांगतो, वाईट वाटलं.

सून : मी घाबरत होते तुम्हाला. जेवताना तुम्ही बातम्या देणाऱ्यांच्या चुका काढता ना, तेव्हा मी घास गिळते आणि गप्प बसते. मागे एका मुलीला म्हणालात, हिच्यापेक्षा रेल्वेची घोषणा बरी. मी गेले कितीतरी दिवस न्हाणीघरात नळ सोडून रेकॉर्ड करतेय आणि पुसून टाकतेय. ऐकलं की वाटतं, बाबा काय म्हणतील.

सासूबाई : नळ सोडून? तरीच टाकी रिकामी होते.

सासरे : एवढा वाईट आहे मी?

सासूबाई : आहात. पुढे बोला.

सून : वाईट नाही हो. पण मला हे फार हवंय, बाबा. सकाळपासून दुपारपर्यंत मी फोनवर वॉशिंग मशीनच्या तक्रारी घेते. ‘आपल्या संयमाबद्दल धन्यवाद.’ एक वाक्य माझं नसतं, सगळं लिहून दिलेलं. माणूस पलीकडे रडत असला तरी मला तेच वाचायचं असतं. इथे मला माझं बोलता येईल. तेवढ्यासाठी हवंय.

सासरे : मग रडतेस कशाला? आत्ता जे केलंस ते नळापेक्षा बरं झालंय. झालंय ना रेकॉर्ड?

सून : झालंय.

सासरे : हेच पाठव. मी सांगतो, हे ऐकून कुणी नाही म्हणणार नाही. मला ते गोदाम आत्ताही दिसतंय.

सून : खरंच? आई, तुम्ही पण बघा ना. मी खेळ लावते आणि त्यावर माझा आवाज. हे बघा.

सासूबाई : चष्मा कुठे ठेवला मी. हं, लाव. … मोठं गोदाम. बरं. … दोन दारं. हो, दिसताहेत. … मध्ये खोकी. आहेत. … डावीकडून उजवीकडे. हो, चाललाय की. … बंदूक उजव्या हातात. अगं…

सून : काय?

सासूबाई : छान बोलतेस गं. आवाज गोड आहे. पण हे तर मला दिसतंय सगळं.

सून : अरे देवा.

सासरे : काय झालं?

सून : बाबा, हे बघायचं असतं. लोक बघत असतात. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून मी सगळं सांगत गेले आणि मला इतकं बरं वाटत होतं की माझ्या लक्षातच आलं नाही. ही रेडिओची कॉमेंट्री झाली.

सासूबाई : अहो, आठवतंय का, तुम्हाला एकदा टीव्हीवर बोलावलं होतं?

सासरे : औषधं कपाटात ठेव जा.

सासूबाई : ठेवते. एकदाच बोलावलं होतं गं. मी शेजाऱ्यांना जमवून बसले होते. आणि हे सांगताहेत, खेळाडूनं पांढरे बूट घातलेत, तो डावीकडून येतोय, त्यानं घाम पुसला. शेजारच्या आजोबांनी स्टेशनला फोन लावून विचारलं, आम्हालाही डोळे आहेत असं यांना कुणीतरी सांगाल का?

सासरे : त्यानंतर मी परत रेडिओवर गेलो. सुखानं गेलो. पण सूनबाई, चूक माझी. मी मला जे येतं ते तुला शिकवलं. तुला काय हवंय ते विचारलंच नाही.

सून : मी सांगितलं नव्हतं ना.

सासरे : ते राहू दे. किती वाजले?

सासूबाई : सव्वाचार होऊन गेले.

सासरे : वेळ आहे. मला सांग, बघणाऱ्याला खोली दिसते, माणसं दिसतात, स्कोअर तर कोपऱ्यात लिहिलेलाच असेल. मग तू काय बोलणार? तोंडात गुळणी धरून बसणार?

सून : जे दिसत नाही ते.

सासरे : म्हणजे?

सून : म्हणजे तो कोपऱ्यात थांबतो ना, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं घाबरला. तो घाबरलेला नसतो. पावलं ऐकत असतो. आणि ते तिघं आहेत तरी ते एकत्र का जात नाहीत? कारण मागच्याच फेरीत एकानं दुसऱ्याला टाकून पळ काढला होता. त्यांचा एकमेकांवर भरवसा उरला नाहीये. हे सगळं मला माहितीये, मी सगळे सामने बघितलेत त्यांचे.

सासरे : मग हे तू मला मघाशी का नाही सांगितलंस?

सून : तुम्ही दारं विचारत होतात.

सासूबाई : घ्या.

सासरे : घेतलं. फोनवर रेकॉर्डिंग लाव, पुन्हा सुरू कर. इथेच. न्हाणीघरात जायचं नाही.

सून : तुमच्यासमोर?

सासरे : मी समोर कुठे आहे? मी खाली आहे. तू मला विसर. तुझ्या सासूबाईंकडे बघून बोल, त्यांना दिसतंय. मी तोंड उघडणार नाही, शब्द दिला.

सासूबाई : यांचा शब्द. बरं, मी बसते इथे. तू बोल गं. घसा कोरडा पडला असेल तर पाणी पी आधी.

सून : नको. लावते. … बारा-बारा, आणि इथून पुढे एकच टीम जाणार. गोगलगाय एकटा उरलाय. हे नाव त्याला चिडवायला ठेवलं होतं. फार हळू खेळतो म्हणून मागच्या टीमनं काढून टाकलं, तेव्हा. त्यानं ते शर्टाच्या पाठीवर छापून घेतलं. आता बघा, थांबला. घाई करायची वेळ आहे आणि हा थांबला. घाबरला नाहीये, ऐकतोय. वर शिडीवर कुणाचं तरी पाऊल वाजलं, ते तुम्हीही ऐकलंत. केशरी तिघं आहेत, पण नीट बघा, तीन ठिकाणी आहेत. मागच्या फेरीत यातला एक दुसऱ्याला सोडून पळाला होता, ते अजून कुणी विसरलेलं नाही. तिघं एकत्र असते तर हा केव्हाच घरी गेला असता. … गेला. दारातला गेला, तो मागे वळून मित्राला शोधत होता तेवढ्यात. दोन राहिले. … आता बॉम्बपाशी बसला. निकामी करायला लागला, आवाज येतोय. नाही. नाही, तो निकामी करत नाहीये. नुसता आवाज करतोय. शिडीवरच्याला वाटावं, आता हात गुंतलेत याचे. ये, खाली ये. शिडीवरून उतरतोय तो. गोगलगाईनं हात काढून घेतला. … आणि तो उतरणारा गेला. एक राहिला. आता खरंच बसला. बॉम्बची वेळ संपत आलीये, निकामी करायलाही तेवढीच लागते. हात काढला तर बॉम्ब फुटणार, नाही काढला तर शेवटचा माणूस मागून येणार. या पोराला आज पहिल्यांदा पळावंसं वाटत असेल. तो हललेला नाही.

सासूबाई : …

सून : …

सासरे : काय झालं?

सून : …

सासरे : अगं, जिंकला का?

सून : हो बाबा. जिंकला.

सासूबाई : शब्द दिला होतात ना?

सासरे : अरेरे. बोललो मी?

सून : बोललात. आणि मी पण बोलले.

सासरे : रेकॉर्ड झालं?

सून : सगळं झालं. ‘हो बाबा’ सकट.

सासरे : कापून टाक मला. तशी कात्री असते ना त्याच्यात? पूर्वी आम्ही फीत कापायचो, ब्लेडनं.

सून : तुम्हाला कापलं तर माझं उत्तरही कापावं लागेल. मग शेवटी निकालच उरत नाही. पुन्हा करायचं तर वेळ आहे, एकदा होईल. करू का?

सासरे : कर ना. विचारतेस काय? या वेळी उशीत तोंड खुपसतो.

सासूबाई : काही गरज नाही. माझं ऐका दोघं. मी बघत होते. तो जिंकला ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तरी तुम्ही विचारलंत ना, ‘जिंकला का’, तेव्हा मला कळलं मीही श्वास धरून बसले होते. जन्मात मी कधी बॉम्बचा खेळ बघितला नाही. आता मला त्या गोगलगाईच्या आईला फोन करावासा वाटतोय. पुन्हा केलंस तर चांगलं होईल गं, पण असं नाही होणार.

सून : बाबा? तुम्ही सांगा.

सासरे : मी सांगू नये खरं. मी सांगितलं की काय होतं ते मघाशी बघितलंस.

सून : तरी सांगा. मला तुमच्याकडूनच ऐकायचंय. रेल्वेची घोषणा म्हणालात तरी चालेल.

सासरे : सुरुवातीला घाई केलीस. शर्टाचं सांगताना अडखळलीस. आणि ‘नाही’ दोनदा म्हणालीस, एकदा पुरलं असतं. आता पुढचं ऐक. रेडिओवर तीन सेकंद कुणी गप्प बसलं की आम्ही समजायचो यंत्र बंद पडलं, खालून माणूस धावत वर यायचा. तू गप्प झालीस तेव्हा मला वाटलं हिचे शब्द संपले. मग वाटलं, नाही, ही मुद्दाम गप्प आहे. मग मला राग आला, कारण मला समजायला हवं होतं आणि तू सांगत नव्हतीस. माझा जीव असा खाली-वर झाला की मला शब्दही आठवला नाही आणि डोळाही आठवला नाही. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा मी डोळा विसरलो. फार चांगली झाली गं. पाठव.

सून : तुमच्या आवाजासकट?

सासरे : तुझं तू ठरव. माझं बोलून झालं.

सून : पाठवते. … चाललंय. … अर्धं गेलं. … गेलं.

सासूबाई : आता मी चहा टाकते. फोन दे इकडे, ओट्यावर चार्जिंगला लावते. यांना नळीनं, तुला कपानं. आणि नळ कुणी सोडायचा नाही.

सासरे : त्यांचं उत्तर कधी येणार?

सून : आज रात्री, नाहीतर उद्या. शनिवारी स्पर्धा आहे, त्यांनाही घाई आहे, नमुने येतील तसे ऐकताहेत.

सासरे : तोवर दुसरी एखादी लाव. ती दोनदा हरण्याची. हरली आणि हसली ती.

सून : ती खूप लांब आहे. चहा होईस्तोवर तिची पहिली मॅच होईल, हरलेली.

सासरे : हरलेलीच लाव. आणि आवाज त्या लोकांचा नको, तुझा हवा. दारं सांगू नकोस. ती कशी बसलीये, काय मनात आहे तिच्या, तेवढं सांग.

सून : ती आधी बूट काढते. मोजे घालूनच खेळते ती नेहमी. आणि शेजारच्याला हात मिळवताना त्याच्याकडे बघत नाही. उद्धट नाहीये, डोळ्यात डोळे घातले की तिला वाईट वाटतं, याला आता हरवायचं म्हणून…

सासूबाई : चहा. आणि तुझा फोन केव्हाचा थरथरतोय स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मी बघितलं नाही हं, पण त्यांचंच नाव आहे.

सून : द्या. … थांबा हं. … थांबा.

सासरे : आता परत गप्प बसू नकोस. मला सोसणार नाही.

सून : घेतलंय. बाबा, घेतलंय त्यांनी मला. शनिवारी. फायनल नाही, संध्याकाळचे सामनेही नाहीत. सकाळचे पहिले दोन, जे कुणी बघत नाही ते.

सासूबाई : मी बघणार आहे की. कुणी बघत नाही म्हणे.

सासरे : पहिले दोनच हवेत. त्या वेळी सगळ्यांचा जीव मुठीत असतो. आणखी काय लिहिलंय?

सून : मानधनाचं आहे, वेळेचं आहे. आणि खाली एक ओळ आहे. शेवटी जे ‘जिंकला का’ विचारतात, ते कोण, म्हणून.

सासरे : काय सांगणार आहेस?

सून : काय सांगू? सासरे आहेत म्हणू? की रेडिओवर कॉमेंट्री करायचे म्हणू? तुमचं नाव ऐकलं असेल त्यांच्यापैकी कुणीतरी.

सासरे : नको, ते काही नको. श्रोता आहे म्हणून सांग.